मुकादमाची टाकी

पहिला मासा मेला तेव्हा ताईंनी आधी हातमोजे चढवले, मग तोंडाला मास्क बांधला आणि मगच टाकीला हात लावला. मासा चिमट्यानं उचलून त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला, गॉजच्या तुकड्यात गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? फिनाईल आण." मी वरच्या मजल्यावरून वाटीभर साखर मागायला आले होते. साखर राहिली बाजूला, मी निमूटपणे फिनाईल आणलं. ताईंचं निमूट ऐकायचं, ही आमच्या घरात सगळ्यांना लागलेली सवय आहे. माझा नवरा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, पन्नाशी उलटलेला गृहस्थ, पण अजूनही त्या समोर आल्या की नखं मुठीत लपवतो.

ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. आख्खी नोकरी त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी बिल्डिंगमध्ये त्यांना सिस्टरच म्हणतात. माझ्याकडे आल्या तर आधी फडताळावरून बोट फिरवणार, मग ते बोट मला दाखवणार आणि मग चहा घेणार. चहासुद्धा उभ्यानं. थिएटरमध्ये बसायची सोय नसते, तिथून ती खोड लागली असावी. जेवणाचं ताट सोडलं तर मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नाही. मला त्यांचा राग यायचा, उगाच खोटं कशाला बोला. पण कौतुकही वाटायचं. सर्जन नुसता तळहात पुढे करायचा, तोंडातून शब्द नाही, आणि ताई त्यावर नेमकं हवं ते हत्यार ठेवायच्या. "हात बघितला की कळतं," त्या म्हणायच्या. "बोलून मागावं लागलं तर सिस्टर कसली ती?"

ताईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. मी त्यांना भाऊजी म्हणते. शांत माणूस. ताईंच्या प्रत्येक हुकमाला "हो सिस्टर" म्हणायचे आणि मग आपल्याला हवं तेच करायचे. हॉलमधली माशांची टाकी त्यांची. चांगली सोफ्याएवढी लांब, आणि तिच्यात पांढरे, काळे, सोनेरी गुबगुबीत गोल्डफिश. एक डोक्यावर लाल टेंगूळ असलेला म्हातारा होता. तो सगळ्यांच्या मागेमागे फिरून नजर ठेवायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. या टाकीवरून नवराबायकोत कायमची धुसफूस. भाऊजी फिल्टरचा स्पंज कधी नळाखाली धरायचे नाहीत. टाकीतलंच गढूळ पाणी बादलीत काढायचे, त्यात स्पंज एकदोनदा पिळायचे की झालं काम. टाकीत भरायचं पाणीही आदल्या दिवशी गॅलरीत बादल्यांत काढून ठेवायचे. ताईंच्या लेखी हा शुद्ध आळस होता. त्या ड्यूटीवर गेल्या की भाऊजी आपला कार्यक्रम उरकून घ्यायचे आणि ताई घरी आल्या की नुसत्या वासावरून ओळखायच्या. मग अर्धा तास तोंडाचा पट्टा सुरू.

मग भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. घशातून नुसता एक "आ" निघायचा, तोही फार जोर लावल्यावर. त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून घरी आणलं आणि ताईंनी कंबर कसली. रोज दाढी, रोज धुतलेली चादर, भेटायला येणाऱ्यांची दारातूनच बोळवण. भाऊजींच्या पाठोपाठ टाकीही त्यांच्या ताब्यात आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती मनासारखी साफ केली. तळाचे खडे उकळले, काच घासली, स्पंज जंतुनाशकात बुडवून नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला, नळाचं ताजं पाणी भरलं आणि गॅलरीतल्या शिळ्या पाण्याच्या बादल्या मोरीत ओतून दिल्या. टाकी अशी लखलखली की मलासुद्धा हेवा वाटला.

त्या टाकीवर काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. तिनं भाऊजींच्या उजव्या हातात रबरी चेंडू देऊन पाहिला, कपड्यांचे चिमटे देऊन पाहिले. भाऊजी तिच्याकडे बघत राहायचे आणि चेंडू मांडीवरून घरंगळू द्यायचे. एकदा ताई माशांना खाणं घालत होत्या, तेव्हा तो लुळा हात आपोआप खुर्चीच्या दांडीवरून उठला. बोटभरच उठला असेल. मुलगी हुशार, तिनं लगेच दाणे त्या तळहातावर ठेवले. डाव्या हाताचा टेकू देत, थरथरत, घामाघूम होत भाऊजींनी तो हात टाकीच्या काठापर्यंत नेला आणि दाणे पाण्यात पडू दिले. मुकादम वर आला. भाऊजी वाकड्या ओठानं हसले.

"याच्याहून चांगला व्यायाम माझ्याकडे नाही," मुलगी ताईंना म्हणाली. "हे चालू राहू दे. एकदा यांनी मनातून सोडून दिलं ना सिस्टर, तर तो हात परत येणार नाही. आणि मग बाकीचंही कठीण होत जातं."

माशांच्या खाण्याचा डबा त्या दिवसापासून औषधांच्या कपाटात, भाऊजींच्या गोळ्यांशेजारी गेला.

आणि नेमके तेव्हाच मासे आजारी पडायला लागले. आधी ते पर मिटून कोपऱ्यात बसायचे. मग पाण्याच्या वर तोंड काढून हवेसाठी धापा टाकायचे. कल्ले लालभडक, अंगावर कापसासारखे पांढरट पुंजके. पांढरा मासा गेला, तो मी सुरुवातीला सांगितला. ताई दुकानात गेल्या. दुकानदारानं लक्षणं अर्धवट ऐकून घेतली, निळ्या औषधाची बाटली पुढे सरकवली आणि म्हणाला, "इन्फेक्शन असेल काहीतरी."

हा शब्द त्यानं दुसऱ्या कुणासमोर काढला असता तर चाललं असतं. ताईंच्या तो डोक्यात बसला. इन्फेक्शन, आणि आपल्या घरात! त्या दिवसापासून हॉलचं थिएटर झालं. जाळीला उकळतं पाणी, काचेला स्पिरिट, दाराशी वेगळ्या चपला. आजारी दिसणाऱ्या माशांसाठी वेगळी बादली, तिला आम्ही आयसोलेशन वॉर्ड म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी. एक दिवसाआड टाकी पूर्ण रिकामी करायची, खडे उकळायचे, स्पंज जंतुनाशकात. पाण्याला नळातल्या क्लोरीनचा वास आला की ताईंना बरं वाटायचं. एवढं करून पुढचा मासा गेला. मग त्या आणखी जोरात घासायला लागल्या आणि त्याच्या पुढचाही गेला.

साफसफाई सुरू व्हायची तेव्हा ताई मला हाक मारायच्या. "ह्यांना आत ने. बघवायचं नाही त्यांना." मी खुर्ची ढकलत आतल्या खोलीत न्यायची आणि दार लावून घ्यायची. दार लागलं की भाऊजी "आ! आ!" सुरू करायचे. डाव्या हातानं पलंगाच्या लाकडावर ठोकायचे, डोळे मोठे करून माझ्याकडे बघायचे, मग दाराकडे. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "जाऊ द्या भाऊजी, त्रास नका करून घेऊ." बाहेर नळ धो धो वाहत असायचा. ते दमायचे, मान टाकायचे. दर वेळी ठोकणं थोडं लवकर थांबायला लागलं, आणि मला वाटायचं, चला, सवय होतेय.

काळी जोडी एकाच सकाळी गेली. त्या दिवशी व्यायामवाल्या मुलीनं भाऊजींच्या तळहातावर दाणे ठेवले आणि हात जागचा हललाच नाही. तिनं कोपराखाली आपला हात दिला, गोड बोलून पाहिलं, "मुकादम वाट बघतोय काका." भाऊजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दाणे मांडीवर सांडले. ताईंनी ते एकेक करून वेचले.

मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तसलेच दुसरे आणू या का? चारपाच आणून टाकू, त्यांना विरंगुळा होईल."

"पेशंट गेला म्हणून त्याच कॉटवर दुसरा आणून झोपवला, तर घरचे खूश होतात का गं?" ताई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघरात गॅससमोर उभ्या होत्या. पातेल्यात खडे उकळत होते. वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटला होता, पण त्यांनी तो पुसला नाही. "माझ्या थिएटरमध्ये कधी जखम चिघळली नाही," त्या म्हणाल्या. "मोठे मोठे डॉक्टर म्हणायचे, सिस्टर आहे ना, मग काळजी नाही. मग इथं काय चुकतंय माझं? सांग ना. काय राहतंय धुवायचं?" मग त्या एकदम हळू आवाजात बोलल्या. "हात गेला तर हे जातील गं. जेवण कमी केलंय त्यांनी. मला कळतं ते." इतक्या वर्षांत मी ताईंना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्यांच्या हातात मोजे होते आणि माझे हात धुतलेले नव्हते.

टाकीत आता दोघंच उरले. एक छोटा सोनेरी, जो तिरका पोहायला लागला होता, आणि मुकादम. त्याच्याही शेपटीची कड झिजून गेली होती आणि तो पाण्यावर तोंड आ करून तरंगत होता. ताईंनी ठरवलं की आता शेवटचं आणि संपूर्ण. टाकीत काही म्हणता काही ठेवायचं नाही. "ह्यांना आत ने," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची ढकलली. भाऊजींनी डाव्या हातानं दाराची चौकट धरली. मी बोटं सोडवायला गेले तर ती निघेनात, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्यानं पुढे ढकलवेना. "ताई, राहू दे त्यांना इथंच," मी म्हटलं. ताईंना हुज्जत घालायला वेळ नव्हता. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत होते. मागच्या मोठ्या दगडाला त्यांनी हलवलं आणि त्याच्या आडून एक जुनी नळी निघाली, नळीच्या टोकाला मुठीएवढा स्पंज. काळपट तपकिरी, बुळबुळीत, हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा. भाऊजींनी कधीतरी जादा म्हणून तिथं बसवलेला असणार. तो दगड जड म्हणून ताईंनी कधी हलवला नव्हता, त्यामुळे स्पंज इतके दिवस त्यांच्या तावडीतून सुटला होता.

"हे बघ!" ताई ओरडल्या. "हे बघ मूळ! आणि मी वेडी काचा घासत बसलेय!" मास्कवरचे त्यांचे डोळे चमकले. गाठ सापडल्यावर सर्जन असेच दिसत असतील. स्पंजातून काळं पाणी गळत होतं. त्यांनी तो ट्रेमध्ये टाकला आणि ट्रे उचलून गॅसकडे निघाल्या. त्यांची वाट भाऊजींच्या खुर्चीजवळून जात होती.

ट्रे एकदम थांबला. आधी मला कळलंच नाही काय झालं. भाऊजींनी स्पंज धरला होता.

"अहो, सोडा. घाण आहे ती." ताईंनी ओढला. भाऊजींनी तो छातीशी घेतला. काळं पाणी त्यांच्या परीटघडीच्या सदऱ्यावरून खाली ओघळलं. "अहो, इन्फेक्शन होईल तुम्हाला! सोडा म्हणते ना!" भाऊजी "आ" म्हणाले. सगळा जोर लावून, गळ्याच्या शिरा फुगवून पुन्हा म्हणाले. ताई त्यांच्या मुठीवर वाकल्या. मुठीतून वस्तू काढून घेण्यात त्यांचा हातखंडा, भूल उतरताना पेशंट काय काय धरून ठेवतात. त्यांनी अंगठा सोडवायला घेतला आणि तशाच थबकल्या.

मूठ उजव्या हाताची होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही तेच बघत होते. चेंडू न धरणारा, चिमटा न धरणारा हात. बोटांची पेरं पांढरी पडली होती इतकी घट्ट मूठ. ताईंनी आपला हात हळूच काढून घेतला. "काय हवंय?" त्या पुटपुटल्या. "काय सांगताय तुम्ही?" भाऊजींनी मान वळवून टाकीकडे पाहिलं, मग मुठीकडे, मग पुन्हा टाकीकडे.

"ताई," मी म्हटलं, "भाऊजी हा स्पंज कसा धुवायचे?"

"धुवायचे कुठले? त्याच घाण पाण्यात बुचकळायचे आणि परत लावायचे. किती वेळा ओरडलेय मी—"

स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानावर गेलं असावं.

"आणि तेव्हा मासे मरायचे?" मी विचारलं.

मास्क त्यांनी खाली ओढला. "अँटिबायोटिकचा भडिमार केला की पोटातले चांगले जंतूही मरतात," त्या म्हणाल्या, माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे. "मग पेशंट आजारानं नाही, औषधानं आडवा होतो. नवीन पोरींना मीच शिकवायचे हे." मग त्या खुर्चीसमोर वाकल्या. "यात जंतू आहेत. पाणी साफ करणारे. बरोबर? ते मी मारत होते?" भाऊजींनी डोळे मिटले आणि उघडले. "आणि गॅलरीतलं शिळं पाणी... क्लोरीन उडून जावा म्हणून?" पुन्हा डोळे मिटले, उघडले. सरळ होकार होता. आत ढकलताना, दार लावताना, ठोकणं ऐकताना त्यांना एवढंसं विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही दोघी त्यांच्यासाठीच तर धावत होतो.

ताईंनी मोजे काढले. "द्या," त्या म्हणाल्या. मूठ सुटली. उघड्या हातांनी त्यांनी तो बुळबुळीत स्पंज घेतला, जागेवर नेऊन लावला आणि थोडासा मळ मोठ्या फिल्टरच्या पांढऱ्याशुभ्र स्पंजावर पिळला. पिळताना त्यांच्या अंगावर शहारा आलेला मला दिसला. मग त्यांनी गॅस बंद केला आणि गॅलरीत बादल्या भरून ठेवल्या.

खरा कठीण भाग त्यानंतर सुरू झाला. करायचं काही नव्हतं. पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवट थर धरला, आणि ताई हात मागे बांधून टाकीसमोर येरझाऱ्या घालायच्या. कपाटातल्या जंतुनाशकाची बाटली त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली, "मागितली तरी देऊ नकोस" म्हणून. आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं थोडं थोडं पाणी बदलायचं, तेही भाऊजींनी डोळ्यांनी परवानगी दिली तर. छोटा सोनेरी उलटा झाला. ताई चिमटा घेऊन धावल्या, फिल्टर काढायला हात पुढे गेला, आणि भाऊजींकडे बघून त्यांनी तो परत घेतला. सोनेरी दुपारपर्यंत गेला. ताई माझ्याकडे वर आल्या, माझ्या ओट्यावर फडकं मारलं, माझी भांडी पुन्हा घासली, आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

मुकादम राहिला. तो जगेल असं मला वाटत नव्हतं. रोज खाली जाऊन दार उघडताच ताईंचा चेहरा आधी बघायची, टाकी मागाहून. एक दिवस त्याचे कल्ले कमी लाल दिसले. पुढे केव्हातरी तो तळाशी उतरून खडे उचकटायला लागला. मग एका सकाळी मी साखर मागायला वाटी घेऊन गेले तर खाण्याचा डबा उघडा होता आणि भाऊजींचा उजवा हात टाकीच्या काठावर होता. टेकू नव्हता. दाणे नको तितके पडले. ताईंनी ओठ दाबून धरले. मुकादम हळूहळू वर आला, एक दाणा तोंडात घेतला, थुंकला आणि पुन्हा घेतला.

हात तसाच राहिला. भाऊजींनी तो टाकीपासून मागे घेतला आणि ताईंच्या पुढे धरला, तळहात वर करून. ताईंनी सवयीनं ओला रुमाल काढला, हात पुसायला. भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. ताईंनी दाणे ठेवले. भाऊजींनी ते खाली सांडू दिले. पाण्याचा पेला आणला, तोही नको. ताई गोंधळल्या. समोरचा हात बघायचा आणि नेमकं तेच द्यायचं, यात त्यांची हयात गेली होती.

"मला नाही कळत हो," त्या शेवटी म्हणाल्या. "काय देऊ? तुम्हीच सांगा."

भाऊजींनी तो हात हळूहळू उलटा केला आणि आपल्या शेजारच्या रिकाम्या स्टुलावर ठेवला. दोनदा थोपटला.

ताईंनी माझ्याकडे बघितलं, जणू परवानगी हवी होती. मग त्या बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर, पाहुण्यासारख्या. समोर गढूळ पाण्यात मुकादम एकटाच फिरत होता. मी साखरेची वाटी तिथंच ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.